सूर्यशक्ती आणि आदिवासी स्त्रीचे श्रम

वैशाख महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, म्हणजेच धडगाव तालुक्यात जो कोणी जाईल, त्याला डोंगरउतारावर ठिकठिकाणी पांढरट फोडी पसरलेल्या दिसतील. दुरून पाहणाऱ्यास कोणी कापूस वाळत घातला आहे असे वाटावे. जवळ गेल्यावर आंबूस वास येतो आणि हा आमचूर आहे याचा उलगडा होतो. गावरान आंब्याच्या कैऱ्या उतरवावयाच्या, सोलावयाच्या, कोय काढून फोडी करावयाच्या आणि खडकावर वाळवून बाजारात न्यावयाच्या, हा येथील भिल्ल व पावरा कुटुंबांचा उन्हाळ्यातील एक प्रमुख उद्योग होय. झाडावर चढण्याचे काम पुरुष करतो. सोलणे, चिरणे, पसरणे, राखणे आणि गोळा करणे ही कामे मुख्यतः स्त्रियांच्या व मुलींच्या वाट्यास येतात.

काही वर्षांपूर्वी विस्तारकार्याच्या निमित्ताने आम्ही या भागातील एका पाड्यावर गेलो होतो. पाड्याच्या तोंडाशी सौर दिव्याचा खांब उभा होता. पण त्यावर दिवा नव्हता व बॅटरीची पेटी रिकामी होती. दिवा बसविल्यावर दोन पावसाळे चालला, तिसऱ्या पावसाळ्यात बंद पडला, व दुरुस्तीस कोणी आले नाही, अशी हकिकत समजली. खांबावरील पॅनेल, ज्यास तेथील लोक ‘प्लेट’ म्हणतात, एका घराच्या अंगणात दगडांवर आडवे ठेवलेले होते, आणि त्या काळ्या काचेवर एका वृद्ध बाईंनी कैरीच्या फोडी ओळीने मांडल्या होत्या.

आम्ही विचारले, “आजी, हे असे का?”

त्या म्हणाल्या, “दिवा गेला, साहेब. पण काच चांगली तापते. खडकापेक्षा फोडी लवकर वाळतात, आणि माती लागत नाही.” मग थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, “दिवा रात्रीचा. आमचं काम तर सगळं दिवसाचं.”

या शेवटच्या वाक्याने आम्हांस जे शिकविले, तेच या लेखात मांडावयाचे आहे. दुर्गम आदिवासी भागात सूर्यशक्ती नेताना आपण बहुधा दिव्यापासून आरंभ करतो व दिव्यापाशीच थांबतो. दिवा हवाच, त्याचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु सूर्य दिवसा काम करतो, आणि त्या स्त्रीचे श्रमही दिवसाच चालतात. या दोहोंची गाठ घालून देणे हे सूर्यशक्तीचे खरे कार्य होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रात्रीचा दिवा आणि दिवसाचे काम

सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारे पॅनेल हे अत्यंत टिकाऊ साधन आहे. त्यात फिरणारा एकही भाग नसतो. काच फुटली नाही व धूळ पुसत राहिले, तर ते २० ते २५ वर्षे वीज देत राहते. परंतु दिवा रात्री लावावयाचा, म्हणून दिवसाची वीज साठवून ठेवावी लागते. आणि साठवणीसाठी बॅटरी लागते. शिसे व आम्ल यांची नेहमीची बॅटरी चांगली निगा राखली तरी साधारणतः तीन ते पाच वर्षे चालते. निगा न राखल्यास ती त्याहून लवकर निकामी होते. म्हणजे पंचवीस वर्षे टिकणाऱ्या वस्तूला आपण चार वर्षे टिकणाऱ्या वस्तूच्या गळ्यात बांधतो, आणि चार वर्षांनी दोन्हीही निरुपयोगी झाल्याचे समजून स्वस्थ बसतो. वर सांगितलेल्या पाड्यावरील पॅनेल निकामी झालेले नव्हतेच. त्याला काम उरले नव्हते, इतकेच.

आता दिवसाच्या कामांकडे पाहावे. धान्य दळले की त्याचे पीठ होते व ते डब्यात राहते. फोडी वाळल्या की त्यांचा आमचूर होतो व तो पोत्यात राहतो. पाणी उपसले की ते टाकीत राहते. या सर्व कामांत साठवण ही मालातच असते, तीसाठी निराळी बॅटरी घ्यावी लागत नाही. ऊन असेल तेव्हा यंत्र चालवावे व ऊन नसेल तेव्हा थांबावे. शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. ऊन, वारा व पाऊस पाहूनच तो खळे करतो व उफणणी करतो. यास्तव बॅटरीविना चालणारी दिवसाची यंत्रे ही दुर्गम भागास दिव्याहूनही अधिक मानवणारी आहेत.

काळवेळ न पाहता आणलेले साधन कसे वाया जाते, याचा एक जुना दाखला आपल्या देशातच आहे. १९५० नंतरच्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सौर चूल तयार केली होती. शास्त्रदृष्ट्या तिच्यात खोट नव्हती. पण ती घरोघरी रुजली नाही. गृहिणीचा स्वयंपाक पहाटे व सायंकाळी होतो, घरात व बसून होतो. चूल मात्र भर दुपारी व अंगणात पेटणारी. किंमतही सामान्य कुटुंबास परवडणारी नव्हती. यंत्र कितीही चांगले असले तरी ते स्त्रीच्या दिवसात बसले पाहिजे, हा धडा आपण तेव्हाच घ्यावयास हवा होता.

जात्यावरील श्रमाचा हिशेब

प्रथम दळणाचा विचार करू. सातपुड्यातील आहारात ज्वारी, मका व भगर यांचे स्थान मोठे आहे. पाडे एकमेकांपासून दूर, डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले असतात. काही घरांत अजूनही जात्यावर दळतात. इतरत्र स्त्रिया धान्याची पाटी डोक्यावर घेऊन उतार उतरून डिझेलच्या चक्कीवर जातात, आपला क्रम लागेपर्यंत बसून राहतात आणि पीठ घेऊन पुन्हा चढण चढतात. डिझेल संपले असेल किंवा यंत्र बिघडले असेल, तर ही खेप फुकट जाते. भगरीची टरफले काढण्यासाठी उखळ व मुसळ यांवाचून गत्यंतर नसते, हे श्रम दळणाहूनही अधिक.

मनुष्याचे शरीर दीर्घकाळ काम करताना साधारणतः ५० ते ७५ वॅट इतकीच शक्ती देऊ शकते. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. म्हणजे एक अश्वशक्तीची लहान मोटर ही दहा ते पंधरा स्त्रियांच्या हातांइतके काम एकटी करते. अशा मोटरीवर चालणारी लहान चक्की ताशी सुमारे ८ किलो धान्य दळते. स्वच्छ उन्हाचे सहा तास धरले तर दिवसाकाठी ४८ किलो दळण होते. पाच माणसांच्या कुटुंबास रोज सुमारे २ किलो पीठ लागते असे धरल्यास, एवढ्या दळणात २४ कुटुंबांची गरज भागते. सातपुड्यातील अनेक पाडे याच आकाराचे, वीस-पंचवीस घरांचे असतात. म्हणजे एका पाड्यास एक लहान चक्की, हे प्रमाण अगदी सोयीचे आहे.

यासाठी वीज किती लागेल? सहा तासांस, वाटेतील घट धरून, सुमारे ५ युनिट. महाराष्ट्रात स्वच्छ उन्हाच्या दिवशी १ किलोवॅट क्षमतेच्या पॅनेलपासून सुमारे ४ युनिट वीज मिळते. मोटर सुरू होताना लागणारा जास्तीचा जोर व सकाळ-संध्याकाळचे मंद ऊन यांचा विचार करून दीड ते दोन किलोवॅटची पॅनेले बसविल्यास काम निर्वेध चालते. ती पाड्यावरील एखाद्या समाजघराच्या वा शाळेच्या छपरावर सहज मावतात.

मोठी चक्की आणून पाच पाड्यांच्या मध्यावर बसवावी, म्हणजे खर्च कमी येईल, असे हिशेब करणाऱ्यास वाटेल. परंतु त्यामुळे पायपीट कायम राहते. स्त्रीचा वाचलेला तास हेच या यंत्राचे पहिले उत्पन्न होय. यंत्राचा आकार हिशेबनिसाच्या सोयीने ठरविण्यापेक्षा पाण्याच्या घागरी, लाकडाची मोळी व पाळण्यातले मूल सांभाळणाऱ्या बाईच्या सोयीने ठरवावा.

आमचूर आणि मोहफूल

आता उत्पन्न देणाऱ्या मालाकडे वळू. कैरीत पाण्याचा अंश शंभरात ऐंशीहून अधिक असतो. साल व कोय वजा जाता, ढोबळ मानाने १० किलो कैरीपासून सुमारे १ किलो आमचूर मिळतो. म्हणजे पोतेभर आमचुरामागे कित्येक पोती कैऱ्या सोलण्याचे श्रम असतात. एवढे करून भाव मात्र रंगावर ठरतो. पांढरा, स्वच्छ आमचूर वरच्या भावाने जातो. काळपट व मातकट माल व्यापारी मागेल त्या भावाने द्यावा लागतो. वैशाखातील एका वळवाच्या सरीने आठ दिवसांच्या श्रमाचा रंग जातो आणि वरचा भाव हातातून निसटतो. ज्या घराने मीठ, तेल व कापड उधारीवर आणलेले असते, त्या घरातील स्त्रीस हा फरक साधा वाटत नाही.

फोड काळी का पडते हे समजून घेतले तर उपाय सुचतो. चिरलेल्या कैरीतील द्रव्यांवर हवेचा परिणाम होऊन ती तपकिरी होते. वाळण्यास जितका वेळ अधिक, तितका रंग अधिक बिघडतो. शिवाय साध्या लोखंडी विळ्याने चिरल्यास लोखंड व कैरीतील तुरट द्रव्य यांच्या संयोगाने काळे डाग पडतात. म्हणून पहिला व अगदी स्वस्त उपाय म्हणजे गंज न चढणाऱ्या पोलादाची सुरी वापरणे. दुसरा, फोडी सारख्या जाडीच्या करणे, म्हणजे त्या एकाच वेळी वाळतात. तिसरा, त्या झाकून व जलद वाळविणे.

या तिसऱ्या उपायासाठी सौर वाळवण यंत्र, ज्यास सोलर ड्रायर म्हणतात, उपयोगी पडते. त्याची रचना साधी आहे. आत काळा पत्रा, वर पारदर्शक आच्छादन, मध्ये जाळीच्या थाळ्या, खालून हवा आत येण्यास वाट व वरून ओलसर हवा बाहेर जाण्यास वाट. काळा पत्रा तापतो, आतील हवा ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत गरम होते व ओल घेऊन वर निघून जाते. एक लहानसे पॅनेल व पंखा जोडल्यास हवेचा ओघ वाढतो. त्यासही बॅटरी नको. ऊन प्रखर झाले की पंखा आपोआप वेगाने फिरतो. माती, माशी व वळवाची सर यांपासून मालाचे रक्षण होते.

येथे एक मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एका चौरस मीटर थाळीवर ओल्या फोडी जेमतेम चार ते पाच किलो मावतात. घरात येणाऱ्या सगळ्या कैऱ्या यंत्रात वाळविणे शक्य होणार नाही. म्हणून निवडक, टणक कैऱ्यांच्या फोडी यंत्रात वाळवाव्यात. उरलेल्या खडकावर, पण स्वच्छ कापड वा ताडपत्री अंथरून वाळवाव्यात. दोन्ही माल निरनिराळ्या पोत्यांत भरावेत. उत्तम माल मध्यम मालात मिसळला की दोहोंचा भाव मध्यमाचाच होतो.

मोहफुलांची गोष्टही अशीच आहे. फुले पहाटे गळतात. स्त्रिया व मुले अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालील जागा साफ व्हावी म्हणून पालापाचोळा जाळण्याची चाल आहे. त्यातून वणवे लागतात व रोपे जळतात. झाडाखाली जाळे बांधल्यास फूल मातीस लागत नाही व पाचोळा जाळावाही लागत नाही. असे स्वच्छ फूल झाकून वाळविले, तर ते दारूच्या भट्टीखेरीज लाडू, पाक व इतर खाद्यपदार्थांसाठीही विकता येते. ‘वनहक्क कायदा २००६’ याने मोहफुलासारख्या गौण वनोपजावर ग्रामसभेचा व रहिवाशांचा हक्क मान्य केला आहे. परंतु हक्काच्या मालाचा भाव ओल्या, मातकट अवस्थेत मिळत नाही. तो वाळवून, निवडून, साठवूनच मिळतो.

निसर्गाची अनुकूलता अशी, की मोह फाल्गुन-चैत्रात व आमचूर चैत्र-वैशाखात, म्हणजे वर्षातील सर्वांत प्रखर उन्हाच्या काळात येतात. ज्या महिन्यांत माल, त्याच महिन्यांत शक्ती. दुसऱ्या कोणत्याही इंधनाबाबत असा योग जुळत नाही.

यंत्र कोणाच्या नावावर?

आता आम्ही या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्यापाशी आलो आहोत. यंत्र आले तरी ते कोणाचे, हा प्रश्न राहतोच.

शेतीच्या सौर योजनांमध्ये सौर पंपास अग्रस्थान मिळाले आहे. २०१९ साली केंद्र शासनाने ‘पीएम-कुसुम’ योजना सुरू केली व २०२४ साली महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना आली. या योजनांचा लाभ मोठा आहे. परंतु पंप सातबाऱ्याच्या मागोमाग येतो, आणि सातबाऱ्यावर बहुधा पुरुषाचे नाव असते. शेतात निंदणी, लावणी व काढणी करणारी स्त्री कागदावर शेतकरी नसल्याने, पंप तिच्या शेतावर येतो पण तिच्या नावावर येत नाही. पंपाच्या पाण्याने पीक वाढते ही गोष्ट चांगलीच. पण त्या पिकाचे दळण, वाळवण व टिपण करणारे हात पूर्वीइतकेच थकतात.

चक्की व वाळवण यंत्र यांना सातबारा लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण होय. ती महिला बचत गटाच्या नावावर देता येतात. ‘उमेद’ अभियानामुळे व महिला आर्थिक विकास महामंडळाच्या कार्यामुळे दुर्गम पाड्यांवरही गट स्थापन झाले आहेत. त्यांना बँकेचे खाते आहे, जमाखर्चाची वही आहे, दरमहा बैठकीची सवय आहे. कायद्यातही याला आधार आहे. वनहक्क कायद्यानुसार विवाहित दावेदारास मिळणारा वैयक्तिक हक्क पती व पत्नी या दोघांच्या संयुक्त नावाने नोंदवावा लागतो. जमिनीबाबत जे तत्त्व मान्य झाले, ते यंत्राबाबत मान्य करण्यास अडचण काय?

यंत्र फुकट द्यावे की मोबदल्याने, यावर मतभेद आहेत. आमचे मत असे, की बहुतांश खर्च शासनाने वा संस्थेने उचलला तरी दळणावळ पहिल्या दिवसापासून आकारावी. समजा, रोज सरासरी ४० किलो दळण झाले व किलोमागे ४ रुपये घेतले, तर दिवसाचे १६० रुपये होतात. महिन्यात २० दिवस चक्की चालली तरी ३,२०० रुपये जमतात. त्यातील अर्धे चक्की चालविणाऱ्या भगिनीस मेहनताना, पाव दुरुस्ती निधीत व पाव गटाच्या खात्यात, अशी वाटणी केल्यास वर्षाकाठी दुरुस्ती निधीत ९,६०० रुपये शिल्लक पडतात. यंत्र बिघडले तर दुरुस्तीसाठी कोणाच्या दारी अर्ज घेऊन जावे लागत नाही. फुकटच्या यंत्राला धनी नसतो. वहीत ज्याची जमा आहे त्याला धनी असतो.

दुरुस्तीची विद्या

त्या पाड्यावरील दिवा बंद पडला तो बॅटरीमुळे. पण तो बंदच राहिला तो पाड्यावर कोणास दुरुस्ती येत नव्हती म्हणून. तालुक्याच्या ठिकाणाहून कारागीर येण्याची वाट पाहणे म्हणजे पावसाळ्यात ओढे ओसरण्याची वाट पाहण्यासारखेच आहे.

“अशिक्षित बायांना हे यंत्र कसे जमणार?” असा प्रश्न कित्येक सभांमधून ऐकू येतो. त्याचे उत्तर राजस्थानात मिळाले आहे. अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे १९७२ साली स्थापन झालेल्या संस्थेने अक्षरओळख नसलेल्या वा अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना सौर दिव्यांची जुळणी व दुरुस्ती शिकविली. तारांचे रंग, खुणा व हाताची सवय यांच्या आधारे त्या शिकल्या. आपल्याच देशातील नव्हे, तर आफ्रिकेतील अनेक देशांतील स्त्रियाही तेथे येऊन शिकून गेल्या. त्याच राज्यातील डुंगरपूर या आदिवासी जिल्ह्यात मुंबईच्या आय.आय.टी.च्या मार्गदर्शनाने आदिवासी स्त्रियांनी प्रथम सौर दिव्यांची जुळणी केली आणि पुढे पॅनेल तयार करणारी स्वतःची कंपनी उभारली. ज्या हातांना मोहफुलाची पारख येते, त्यांना पेचकस का येऊ नये?

खुद्द अक्राणी तालुक्यातही लोकांनी वीज निर्माण केल्याचा इतिहास आहे. बिलगाव येथे गावकऱ्यांनी तरुण अभियंत्यांच्या मदतीने व स्वतःच्या श्रमदानाने ओढ्याच्या पाण्यावर चालणारा १५ किलोवॅटचा लहान जलविद्युत प्रकल्प उभारला होता. २००३ साली तो सुरू झाला व २००६ च्या महापुरात त्याची हानी झाली. प्रकल्प गेला, पण या डोंगरातील माणूस वीज वापरण्यापुरताच नाही, ती निर्माण करण्यासही समर्थ आहे, ही गोष्ट त्याने सिद्ध केली.

विद्येबरोबर बाजारही हवा. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी सुरू केलेल्या एका उद्योगाने मराठवाड्यातील स्त्रियांना सौर वाळवण यंत्रे देऊन त्यांनी वाळविलेला भाजीपाला स्वतः विकत घेण्याची पद्धत बसविली. २०२३ साली त्या उद्योगास ‘अर्थशॉट’ हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. यंत्र देणाराच माल घेणारा असेल, तर यंत्र धूळ खात पडत नाही. सातपुड्यातील आमचुरास असा खात्रीचा ग्राहक मिळवून देणे हे यंत्र पुरविण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा, की आता वीजवाहिनी बहुतेक पाड्यांपर्यंत पोहोचली आहे. मग सूर्यशक्तीची उठाठेव कशास? २०१७ साली सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेने घरोघर जोडण्या दिल्या, हे खरे. परंतु लांबलचक डोंगरी वाहिनीच्या टोकाशी असलेल्या पाड्यावर दाब कमी असतो, आणि झाड पडले की वीज कित्येक दिवस येत नाही. दिवा मंद लागला तर चालते. मोटर मंद चालली तर जळते. जेथे वीज भरवशाची आहे तेथे तीच वापरावी व सूर्यशक्तीची तिला जोड द्यावी. यात कोणाची कोणाशी स्पर्धा नाही.

दुसरा आक्षेप पावसाळ्याचा. आषाढ-श्रावणात सातपुड्यावर ढग दाटतात व वीज फार कमी मिळते. म्हणून उघडीप मिळताच दोन-चार दिवसांचे दळण करून ठेवावे, आणि वीजवाहिनी असल्यास चक्कीस तिची पर्यायी जोडणी ठेवावी. सूर्यशक्ती सर्व दुःखांवर एकच औषध आहे असे सांगणारा कार्यकर्ता पहिल्याच पावसाळ्यात विश्वास गमावतो. तेव्हा मर्यादा आधीच सांगाव्यात.

तिसरा आक्षेप मात्र आम्हांस अधिक गंभीर वाटतो. श्रम वाचले की तो वेळ दुसऱ्याच कामात जातो, स्त्रीस विसावा मिळतच नाही, असे अनुभवी ग्रामसेविका सांगतात. यावर यंत्रात उपाय नाही; तो घरातच शोधावा लागेल. चक्कीचा मेहनताना तिच्या स्वतःच्या खात्यावर जमा झाला आणि आमचुराची विक्री तिच्या देखत झाली, तर वाचलेल्या वेळाचे मोल घरालाही दिसू लागेल, अशी आशा करण्यास जागा आहे.

काय करावे?

केंद्र शासनाच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये उपजीविकेसाठी विकेंद्रित ऊर्जासाधनांच्या प्रसाराचे धोरण जाहीर केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ योजनेत कातकरी, कोलाम व माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन अतिमागास जमातींच्या वीज नसलेल्या घरांसाठी सौर संचांची तरतूद आहे, तर २०२४ साली आलेल्या ‘धरती आबा’ अभियानाने इतर आदिवासी गावांनाही सामावून घेतले. म्हणजे धोरणाची उणीव नाही. उणीव आहे ती पाड्यावरील नियोजनाची. त्यासाठी आमच्या सूचना अशा:

१. यंत्राची मागणी नोंदविण्यापूर्वी पाड्यावरील स्त्रियांची स्वतंत्र बैठक घ्यावी आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांचा वेळ कोठे जातो याचा तक्ता त्यांच्याकडूनच करून घ्यावा. ज्या कामात सर्वाधिक श्रम जातात, त्याचे यंत्र प्रथम यावे.

२. शक्य तेथे बॅटरीविना चालणारे दिवसाचे यंत्र निवडावे. दिव्याची बॅटरी देताना, ती बदलण्याचा निधी पहिल्या महिन्यापासून जमविण्याची व्यवस्था करावी.

३. यंत्र महिला गटाच्या नावावर द्यावे व दळणावळीचा दर गटाने ठरवावा.

४. दर दोन-तीन पाड्यांमागे निदान दोन भगिनींना दुरुस्तीचे शिक्षण द्यावे. एकटीला शिकविल्यास, ती लग्न होऊन वा स्थलांतर करून गेली की विद्याही जाते. पेचकस, विजेचे मापक यंत्र व लागणारे सुटे भाग पाड्यावरच ठेवावेत.

५. यंत्र बसविण्यापूर्वी मालाचा ग्राहक निश्चित करावा, आणि उत्तम व मध्यम माल वेगळा विकण्याची सवय लावावी.

६. यंत्र बसविल्यावर एक वर्षाने व तीन वर्षांनी पाहणी व्हावी. उद्घाटनाच्या दिवशी किती यंत्रे चालली, यापेक्षा तिसऱ्या पावसाळ्यानंतर किती चालत आहेत, यावर कार्याचे मूल्यमापन करावे.

ही शेवटची सूचना आम्ही प्रथम स्वतःलाच करीत आहोत. त्या पाड्यावर दिवा बसविला त्या वर्षीच्या अहवालात तो ‘पूर्ण’ म्हणून नोंदला गेला असेल. अहवाल खोटा नव्हता. तो फार लवकर लिहिला गेला होता.

सूर्य कोणाच्या अर्जाची वाट पाहत नाही. बंद पडलेल्या दिव्याचे पॅनेल दगडावर टाकून त्यावर फोडी वाळविणाऱ्या त्या आजींनी, आपल्यापैकी कोणी न सांगता, त्याला दिवसाचे काम देऊन दाखविले. त्यांच्या अंगणातून निघालेली ही युक्ती आपण शास्त्राची जोड देऊन पाड्यापाड्यांत पोहोचविली, म्हणजे वैशाखातील वळवाची सर पाहून कोणाच्या पोटात गोळा येणार नाही आणि दळणाची पाटी घेऊन कोणास डोंगर उतरावा लागणार नाही. विस्तारकार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी आपल्या क्षेत्रातील निदान एका पाड्यावर अशी बैठक घ्यावी आणि त्या बैठकीत आपण कमी बोलून अधिक ऐकावे, एवढीच विनंती.